कोणाच्या घरचे कागद

पुराच्या चौथ्या दिवशी कॉलेजच्या फाटकात एक ट्रॅक्टर येऊन थांबला. ट्रॉलीत दोन लोखंडी पेट्या, एक सागवानी संदूक आणि युरियाच्या पोत्यात कोंबलेले ओले कागद. सोबतचा पोरगा म्हणाला, "यात नुसते कागदच हायेत जी. पुस्तकवाल्या मॅडमले द्या म्हनलं."

पुस्तकवाली मॅडम म्हणजे मी. या कॉलेजात ग्रंथपाल.

ऑगस्ट २०२० ची अखेर होती. गणपती बसलेले, करोनामुळे कॉलेज मार्चपासून बंद. वर मध्यप्रदेशात संजय सरोवर धरणाचं पाणी सोडलेलं, इकडे गोसीखुर्द धरणाचे तेहेतीसही दरवाजे उघडलेले. वैनगंगा पात्र सोडून ब्रह्मपुरी तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांत शिरली. लोक छपरावर बसून राहिले. आमचं कॉलेज नदीपासून आठ-नऊ किलोमीटर आत, थोडं चढावर, म्हणून वर्गखोल्या सामान ठेवायला उघडून दिल्या होत्या. कुणाची कोठी आली, कुणाचा टीव्ही, कुणाची शिलाई मशीन. आणि माझ्या वाट्याला हे.

पेट्या तीन वेगवेगळ्या घरच्या होत्या. एक जुन्या मालगुजाराच्या, म्हणजे गावमालकाच्या, पडक्या वाड्यातली, एक नदीला लागून असलेल्या घरातली, आणि संदूक शेजारच्या गावातल्या एका शेतकऱ्याची. पोत्यातलं कोणाचं, ते पोराला सांगता आलं नाही. वाटेत एक पेटी उलटली म्हणे, तेव्हा सांडलेलं हाताला लागेल तसं भरलं. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. पुढची तीन वर्षं मी याच एका वाक्याची किंमत मोजत होते.

तेव्हा घाई वाळवण्याची होती. भादव्यातल्या दमट हवेत ओल्या कागदाला दोन दिवसांत बुरशी धरते. आमचे परिचर, ज्यांना सगळं कॉलेज काकाजी म्हणतं, आणि मी, दोघांनी वाचनकक्षातली टेबलं जोडली आणि पंखे सुरू केले. उन्हात टाकायचं नाही एवढं मला माहीत होतं. कागद वाकडा होतो, शाई उडते. बाकी सगळं चुकत चुकत. पहिल्या दिवशी ओल्या पानांमध्ये जुनी वर्तमानपत्रं घातली, तर दुसऱ्या दिवशी एका जुन्या दस्तऐवजाच्या पाठीवर सोयाबीनच्या बियाण्याची जाहिरात उलटी उमटलेली. कोरा कागद हवा होता. परीक्षा विभागात उरलेल्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पुरवण्या होत्या, त्या काढल्या. प्राचार्यांची परवानगी नंतर घेतली. दर तीन-चार तासांनी ओली पुरवणी काढायची, सुकी घालायची. चिकटलेली पानं ओढायची नाहीत, थोडी सुकली की आपसूक सुटतात, पापडाच्या चळतीसारखं. कॉपिंग पेन्सिलनं लिहिलेल्या ओळी मात्र पाणी लागताच जांभळ्या होऊन पसरल्या होत्या. त्यातल्या काही गेल्या त्या गेल्याच.

कागद ज्या फडक्यांत बांधले होते ती फडकी कुजक्या वासाची, चिखलानं भरलेली. ती मी काकाजींना फेकून द्यायला सांगितली.

दहा-बारा दिवसांत सगळं सुकलं. मग मी बसले आणि मला जे येतं ते केलं. वीस वर्षं पुस्तकं लावलेला हात. पावत्या एकीकडे, नाटकांच्या जाहिराती एकीकडे, पत्रं, नकला, फोटो एकीकडे. विषयवार गठ्ठे, प्रत्येकाला ड्यूईचा, म्हणजे पुस्तकं विषयवार लावायच्या पद्धतीतला, आकडा, दाखलनोंद वहीत दाखल अंक. आणि, हे लिहिताना अजूनही कानाची पाळी तापते, पहिल्या तीसेक कागदांवर मी ग्रंथालयाचा गोल जांभळा शिक्काही मारला. पुस्तकाच्या गुप्त पानावर, म्हणजे ग्रंथालयानं खुणेसाठी ठरवलेल्या आतल्या पानावर, मारतात तसा. एका मोडी कागदाच्या तर बरोब्बर मजकुरावर.

नॅकची, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या तपासणीची, तयारी चालू होती. संस्थेचं वेगळेपण काय, हा रकाना भरायचाच असतो. त्यात "स्थानिक इतिहास संग्रह" हे बरं दिसलं. कपाटाला काच बसली, पाटी लागली, फोटो निघाला. ज्या संस्थाचालकांनी "ही रद्दी कायले जमवता मॅडम" म्हटलं होतं, तेच पाहुण्यांना घेऊन येऊ लागले.

त्या दिवसांत मला या कागदांची खरी गंमत एका पावत्यांच्या गठ्ठ्यानं दाखवली. एकाच माणसाच्या शेतसाऱ्याच्या पावत्या. वर छापलेलं सरकारचं नाव आधी "मध्यप्रांत व वऱ्हाड", मग "मध्यप्रदेश", मग "मुंबई राज्य", शेवटी "महाराष्ट्र". माणूस तोच, बांधी (धानाचं शेत) तीच, घर तेच. १९५० ते १९६० या दहा वर्षांत तो बसल्या जागी तीन राज्यांत राहून आला. रकमाही रुपये-आण्यांवरून १९५७ नंतर नव्या पैशांवर आलेल्या. बी.ए.च्या पोरांना मी त्या ओळीनं मांडून दाखवल्या, तर एकीनं विचारलं, "मॅडम, म्हणजे माझा आजा मध्यप्रदेशात जन्मला?" हो. राजधानी नागपूर असलेल्या मध्यप्रदेशात.

मी स्वतः अमरावतीकडची. वऱ्हाडात रयतवारी, शेतकरी सरळ सरकारला सारा भरी. इकडे नागपूर प्रांतात इंग्रजांनी १८६० च्या दशकातल्या जमीनमहसुलाच्या बंदोबस्तात गावंच्या गावं मालगुजारांच्या नावे केली. गावचा तलाव, आंबराई, गायरान, सगळ्याचा मालक मालगुजार. रयतेचे वापराचे हक्क वाजिब-उल-अर्ज नावाच्या कागदात लिहिलेले. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि त्यांना नवं नाव मिळालं, माजी मालगुजारी तलाव. बोलताना आणि सरकारी कागदांतही, मामा तलाव. बाहेरच्या माणसाला वाटतं कुण्या मामानं बांधला. खरं तर यातले कितीतरी तलाव मालगुजारीच्याही आधीचे, गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी बांधलेले. नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळ्यानं बांधला असं इकडे कुणीही सांगतं. धानाचा मुलूख, तलाव भरला तर रोवणा (धानाची लावणी), नाही तर वर आभाळाकडे बघा.

२०२१ च्या दिवाळीनंतर एक म्हातारे गृहस्थ आले. पांढरं धोतर, वर जाकीट, पायात पाणी गेलेल्या चपला. संदूक त्यांच्याच घरची होती. म्हणाले, दोन गावांमध्ये एक तलाव आहे आणि अर्धा भरला की कोणत्या गावच्या बांध्यांना आधी पाणी, यावर दरवर्षी तंटा. त्यांच्या वडिलांच्या तोंडून ऐकलेलं की पाण्याच्या पाळीचा एक कागद होता.

कागद होता. मला नीट आठवत होता. उभ्या रेघा मारलेलं पान; डावीकडे तुडुमाचं नाव, मग बांधीवाल्यांची नावं, मग पहर. (तुडुम म्हणजे तलावाच्या बांधातून पाणी सोडायची मोरी. हा शब्द मला इथं येऊन कळला. आधी मी तो कुणाचं तरी आडनाव समजून "व्यक्ती" या गठ्ठ्यात टाकला होता.) पण वर गावाचं नाव नाही, तारीख नाही. मधलं पान होतं ते.

म्हाताऱ्यांनी चष्मा लावून कागद वाचला. बराच वेळ. मग विचारलं, "हा कोन्या पेटीतून निघाला जी?"

मी गप्प.

"नाही म्हंजे, मालगुजाराच्या वाड्यातला असन त त्याचा एक अर्थ. आमच्या बुढ्याच्या संदुकीतला असन त दुसरा."

मी वही उघडली. वहीत दाखल अंक होता, विषय होता, पानसंख्या होती, आकार सेंटिमीटरमध्ये होता. कोणत्या घरचा, हे नव्हतं. त्या रकान्याची पुस्तकांना कधी गरज पडत नाही. पुस्तक दुकानातून येतं.

त्यांनी कागद परत दिला. वरच्या जांभळ्या शिक्क्याकडे बघून म्हणाले, "ठप्पा त चांगला मारला." उठून गेले. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या हिवाळ्यात मी नागपूरला मोडीचा वर्ग केला. पुराभिलेख संचालनालयाचे असे वर्ग होतात. मोडी म्हणजे हात न उचलता लिहायची लिपी, ऱ्हस्व-दीर्घ एकच, शब्द कुठे तुटतो ते आपण ठरवायचं. पहिल्या आठवड्यात मला सगळं "श्री" सारखंच दिसत होतं. पण तिथे खरं शिकले ते चहाच्या वेळी. माझ्या कपाटाची गोष्ट ऐकून वर्गातले एक निवृत्त अभिलेखपाल म्हणाले, पुस्तकं विषयानं लावायची, कागद घरानं. जे ज्या घरातून आलं ते एकत्र ठेवायचं आणि ज्या क्रमानं आलं त्याच क्रमानं. फ्रान्समध्ये हे १८४१ साली सरकारी परिपत्रक काढून ठरवलं होतं, असंही त्यांनी सांगितलं. म्हणजे मी चुकले, तेही जवळजवळ एकशे ऐंशी वर्षं उशिरा.

परत आले आणि कपाटाची काच उघडली. हजार-बाराशे सुटे कागद, तीन घरांचे, विषयवार नेटके लावलेले. आता ते मोडायचे होते.

पहिली मदत पुरानंच केली. नदीकाठच्या घरातली पेटी पूर्ण बुडाली होती. तिच्या कागदांवर बारीक राखाडी गाळ बसलेला, बोटाला पावडरीसारखा लागणारा. मालगुजाराच्या वाड्यातली पेटी माळ्यावर होती, तिथवर नदी पोचलीच नाही. तिचे कागद भिजले ते फुटक्या कौलांतून गळलेल्या पाण्यानं, आणि ते पाणी चुलीच्या धुराची काजळी घेऊन उतरलेलं. त्यामुळे त्यांच्यावर चहासारखे तपकिरी गोल डाग, कडेला काळी किनार. तिसऱ्या घरात पाणी गुडघाभर आलं होतं, संदूक चौरंगावर होती. तिच्या तळाच्या कागदांना खालून वीतभर उंचीची चिखलाची सरळ रेघ, वरच्यांना काहीच नाही. तर राखाडी, तपकिरी आणि रेघवाले. काकाजींना हे एकदा सांगितलं आणि मग ते माझ्यापेक्षा भराभर निवडू लागले. तांदूळ निवडावे तसे. अर्ध्याहून जास्त कागद महिन्याभरात आपापल्या घरी गेले.

उरले ते ज्यांच्यावर कसलाच डाग नव्हता. म्हणजे संदुकीतले वरचे, किंवा वाड्याच्या पेटीतले मधले. पाळीचा कागद यातच.

इथे उधई, म्हणजे वाळवी, कामाला आली. उधई कागद खाते तेव्हा पान बघून खात नाही, गठ्ठा बघून खाते. एका पानातून भोक पाडून ती खालच्या पानात जाते, तिथून पुढच्या. त्यामुळे एकावर एक असलेल्या पानांत भोक एकाच जागी येतं, फक्त थोडं थोडं सरकत, लहान-मोठं होत जातं. पाळीच्या कागदाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात काजूच्या आकाराचं एक भोक होतं. मी ते ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलनं उतरवून घेतलं आणि एकेका निनावी कागदाच्या कोपऱ्याला लावत बसले. दुपारच्या तीन तासिकांचा वेळ, विद्यार्थी नसले की. आठव्या दिवशी एक जुळला. त्याचं भोक किंचित मोठं. मग त्याच्या पुढचा. असे अकरा कागद निघाले. सगळ्यात मोठं भोक असलेल्या अकराव्या कागदावर भोकाच्या बरोबर खाली चिखलाची रेघ सुरू होत होती.

रेघ म्हणजे संदूक.

मी आणि काकाजींनी ते अकरा कागद भोकाच्या क्रमानं टेबलावर रचले आणि वरून बघितलं. कोपऱ्यातून थेट टेबलाचा सनमायका दिसला. काकाजी म्हणाले, "जुळलं जी."

या अकरांतल्या एका पानावर मौज्याचं नावही होतं. मी म्हाताऱ्यांना फोन केला. ते दुसऱ्याच दिवशी आले, या वेळी सोबत मुलगा आणि नातू. मी सगळं समजावून सांगितलं. रेघ, भोक, क्रम. नातवानं मोबाइलवर शूटिंग केलं. म्हाताऱ्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजे आमच्या संदुकीतलाच ना?" हो. ते जरा वेळ थांबले आणि मुलाकडे वळून बोलले, "म्हंजे पाळी आपल्या लोकायनं बसून ठरवली होती. मालगुजारानं नाही."

तो दुसरा अर्थ हा होता. वाड्यातला कागद असता तर तो हुकूम ठरला असता. कुळाच्या घरातला, कुळाच्या अक्षरातला, म्हणून तो करार. तेच शब्द, तेच आकडे.

तंटा मिटला का? नाही. ते प्रत घेऊन गेले, दुसऱ्या गावानं प्रत मानली नाही, यंदा पाऊस चांगला झाला म्हणून विषय निघाला नाही. पण शेजारच्या गावचेही दोन जण कागद बघायला येऊन गेले, आणि त्यांच्याकडेही असंच काहीतरी माळ्यावर आहे, असं पुटपुटत गेले.

कपाटाकडे येणाऱ्यांत इतिहासाचे अभ्यासक फारच थोडे. जास्त लोक येतात ते जात पडताळणीसाठी. अनुसूचित जातींना १९५० पूर्वीचा पुरावा, विमुक्त-भटक्यांना १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गाला १९६७ पूर्वीचा. आजोबा शाळेत गेले असतील तर दाखल-खारीज रजिस्टर मिळतं. नसतील गेले तर? मागच्या वर्षी नर्सिंगला नंबर लागलेली एक मुलगी वडिलांबरोबर आली. ढीवर समाजाची. आजा-पणजा कुणी शाळेची पायरी चढलेले नाहीत, आणि प्रवेशाची मुदत आठ दिवसांवर. मी आधीच सांगून टाकलं की इथला कागद म्हणजे दाखला नव्हे, आमच्या सहीला समितीपुढे किंमत नाही. तरी बघू.

वाड्याच्या पेटीत पावत्यांची एक तार आहे. पूर्वी पावती आली की तारेत ओवून खुंटीला टांगायचे. मध्यभागी भोक असलेल्या पावत्या दिसल्या की समजावं. मी सुरुवातीला ती तार गंजकी म्हणून काढून टाकली होती, नंतर भोकांवरून क्रम लावून सुती दोऱ्यात ओवली. त्यात तलावातल्या शिंगाड्याच्या ठेक्याच्या पावत्या होत्या: नाव, वल्द (बापाचं नाव) अमुक, कौम (जात) ढीवर. मुलीच्या पणज्याचं नाव वडिलांना माहीत होतं. सातवी की आठवी पावती. त्यावरही गावाचं नाव नव्हतंच, पण ती कोणत्या वाड्यातली हे आता माहीत होतं, म्हणजे मौजा कोणता तेही. मी चिठ्ठीवर मौजा आणि साल लिहून दिलं आणि म्हटलं, या सालाच्या आगेमागे त्या गावची कोतवाल पंजी शोधायला सांगा; जन्म-मृत्यूच्या नोंदी त्यात असतात. आधी ते चुकीच्या गावची शोधत होते. दोन महिन्यांनी मुलगी पेढे घेऊन आली. आता तिसऱ्या सेमिस्टरला आहे.

जाहिरातींचा गठ्ठा मात्र बराच काळ लटकला. इकडे दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम. झाडीपट्टी रंगभूमी, मुख्य ठाणं नदीपलीकडचं वडसा. शंकरपट (बैलांची शर्यत), मंडई (गावची जत्रा), काहीही निमित्त पुरतं. गुलाबी, पिवळ्या, पोपटी कागदावर छापलेल्या त्या पत्रकांवर वार-तारीख असते, साल नसतं. छापणाऱ्याला साल लिहायची गरज काय, नाटक तर परवा आहे. एकावर होतं, "दि. १२ जानेवारी रोज मंगळवारला." १२ जानेवारीला मंगळवार येणारी सालं काढली: १९६०, १९६५, १९७१, १९८२, १९८८. गावापुढे "ता. गडचिरोली, जि. चंद्रपूर". चांदा जिल्ह्याचं चंद्रपूर झालं १९६४ च्या सुमारास, तेव्हा १९६० बाद. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला, तेव्हा १९८८ बाद. उरली तीन. आणि तळाशी छापखान्याच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड. पिनकोड आला १९७२ च्या स्वातंत्र्यदिनी. म्हणजे जानेवारी १९८२. हे सुटलं तेव्हा मला स्टाफरूममध्ये जाऊन कुणाला तरी सांगावंसं वाटलं. तिथे सातव्या वेतन आयोगाची थकबाकी चालू होती, म्हणून परत आले.

पण साल कळूनही घर कळेना. गाळ नाही, रेघ नाही, भोक नाही. पोत्यातून आलेला गठ्ठा. आणि एक गोष्ट डोक्यात बसेना. एकेका जाहिरातीच्या आठ-आठ, दहा-दहा प्रती होत्या, कितीतरी गावांच्या. नाटक बघणारा माणूस आठवण म्हणून एक ठेवील. दहा कशाला?

दरम्यान मी नवीन येणाऱ्या कागदांसाठी अर्ध्या पानाचा एक अर्ज केला होता. कोणत्या घरून, घरात कुठे ठेवले होते, कुणी बांधले, कशात बांधले, शेवटचे कुणी उघडले. पेटी आणणारा वैतागतो. एकजण म्हणाले, "मॅडम, पेटी घेता का माही जबानी घेता?" शिक्का बंद, स्टेपलर बंद, सेलोटेप तर कपाटाच्या आसपासही नाही, मऊ पेन्सिलनं मागच्या कोपऱ्यात आकडा, बस. "कशात बांधले" हा रकाना लिहिताना मला ती फेकलेली फडकी आठवायची.

यंदाच्या जूनमध्ये प्रवेशाची गर्दी होती. एक आजी नातवाबरोबर आल्या. नातू अर्जाच्या रांगेत आणि त्या पंख्याखाली बसायला म्हणून ग्रंथालयात. काकाजी नेहमीप्रमाणे कपाटाची काच पुसत होते. आजी उठून त्यांच्याजवळ गेल्या आणि त्यांच्या हातातलं फडकं धरून म्हणाल्या, "हे कुटून आनलं?"

काकाजी गोंधळले. आजींनी फडकं पालथं केलं, काठ अंगठ्यानं चोळला. "हा माह्या सासूच्या लुगड्याचा काठ होय. पवनीच्या कोष्ट्याकडून आनलं होतं तिनं. फाटलं त बुढ्यानं त्याचे कागद बांधले यात."

मी काकाजींकडे बघितलं. त्यांनी खाली मान घालून सांगितलं की त्या वेळी सगळी फडकी फेकली नव्हती. दोन चांगली होती, सुती, धुऊन वापरायला घेतली. आणि हे कोणत्या गठ्ठ्याचं? त्यांना विचार करावा लागला नाही. "नाटकाच्या जाहिराती होत्या ना जी, त्या रंगीत. त्याचं."

मी गठ्ठा काढून आजींसमोर ठेवला. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी कागदांचे रंगच ओळखले. बुढा नाटकात नव्हता, त्या म्हणाल्या. जाहिराती छापून आणायचं काम त्याचं. डोंग्यातून नदी ओलांडून जायचा, गठ्ठे घेऊन यायचा आणि सायकलीवर गावोगाव वाटत फिरायचा. उरल्या त्या घरी. "मी म्हनायची, चुलीले लावतो. लावू देयेना."

दहा-दहा प्रतींचं कोडं असं एका वाक्यात सुटलं. नदीकाठच्या घराचीच सून निघाली आजी. जाहिराती तेवढ्या लोखंडी पेटीत नव्हत्या, फळीवर होत्या, म्हणून गाळ लागला नाही. मी अर्ज काढला आणि सगळे रकाने भरून घेतले. त्या सांगत होत्या, मी लिहीत होते, रांगेतून सुटलेला नातू दारात उभा राहून "आजी, चाल ना व" म्हणत होता. फडकं परत हवं का विचारलं, तर त्यांनी ते एकदा गालाला लावलं आणि टेबलावर ठेवलं. म्हणाल्या, कागदासंगंच राहू द्या.

फडक्याला दाखल अंक दिला. मऊ पेन्सिल कापडावर उठेना, म्हणून सुती फितीवर आकडा लिहून काठाला टाके घातले. संध्याकाळी काकाजींनी भांडार विभागासाठी नव्या फडक्याचं मागणीपत्र सहीला आणलं. कारणाच्या रकान्यात त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: जुने फडके संग्रहात जमा.